पिंग येतोय, पावती येत नाही

गळीत हंगामात कारखान्यातून सकाळी सातच्या आत फोन आला की तो ऊसगाड्यांच्या वजनकाट्यावरचाच असणार, हे मला आता पाठ झालंय. अकाउंट्सचं नेटवर्क बंद पडलं तर तिथली मंडळी अकरापर्यंत निवांत चहा पितात. काटा थांबला तर अकरापर्यंत रस्ता तुंबतो.

डिसेंबरातली गोष्ट. सांगली जिल्ह्यातला एक सहकारी साखर कारखाना, नाव सांगत नाही. तिथल्या नेटवर्कची देखभाल आमच्याकडे आहे. फोनवर काटा क्लार्क होते. "मॅडम, वजन दिसतंय, पण पावती निघंना. मधेच एखादी निघते, परत अडकतंय."

मधेच निघते म्हटल्यावर माझं कपाळ आठ्यांनी भरलं. सरळ बंद पडलेलं बरं असतं. केबल तुटली, स्विच जळाला, उंदरानं फायबर कुरतडलं, तर शोधायला फार डोकं लागत नाही. अर्धवट चालणारं नेटवर्क मात्र माणसाचा जीव काढतं. कराडहून गाडी काढली.

फाटकाच्या बऱ्याच अलीकडे रांग लागली होती. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, मधेमधे बैलगाड्या, मळीचा तो ओळखीचा वास. बॅग घेऊन चालत निघाले तर एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, "कॉम्प्युटरवाल्या ताई न्हवं का? बगा की जरा. पहाटं तीनपास्नं हितंच हुबा हाय." त्याची घाई खरी होती. तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की वाळतो. वजन घटलं की शेतकऱ्याला फटका, साखरेचा उतारा घटला की कारखान्याला. आणि मिलला ऊस पुरवणाऱ्या गव्हाणीत ऊस कमी पडला तर मिल थांबवायची वेळ येते. काट्याच्या खोलीत म्हणूनच शेतकी अधिकारी स्वतः येऊन उभे होते. हातानं पावत्या फाडायला सुरुवात केली होती, पण हातानं लिहिलेल्या वजनावर कुणाचा विश्वास बसतोय? गाडीगणिक वाद चालला होता.

आधी वजनाची वाट सांगते, म्हणजे पुढचं समजेल. काट्याच्या प्लॅटफॉर्मखाली लोडसेल असतात. गाडी चढली की त्यांच्याकडून निघणारा बारीकसा विद्युत सिग्नल इंडिकेटरला पोचतो आणि तिथं लाल आकड्यांत किलो दिसतात. इंडिकेटरपासून कॉम्प्युटरपर्यंत जुन्या पद्धतीची नऊ पिनांची सिरियल केबल. तिच्यात पत्ता वगैरे भानगड नाही. टोकं दोनच, एक बोलतो आणि दुसरा ऐकतो. त्यामुळे स्क्रीनवर वजन व्यवस्थित दिसत होतं. खरं नेटवर्क त्याच्या पुढं सुरू होतं. शेतकऱ्याचा कोड आणि तोडणीची स्लिप तपासून पावतीचा क्रमांक देणारा सर्व्हर मुख्य ऑफिसात, चारेकशे मीटरवर. तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंतच भरवशाची, म्हणून मधे फायबर टाकलेली आहे. काट्याच्या खोलीत आठ पोर्टांचा एक साधा स्विच, म्हणजे नेटवर्कच्या केबली एकमेकींना जोडणारी पेटी. त्यात भरलेल्या गाडीच्या काट्याचा कॉम्प्युटर, रिकाम्या गाडीच्या काट्याचा कॉम्प्युटर, प्रिंटर आणि केनयार्डातले, म्हणजे ऊसगाड्या उभ्या राहतात त्या आवारातले, काही कॅमेरे.

काट्यावर एक चुणचुणीत पोरगा कामाला आहे. प्रिंटर अडला तर काय बघायचं म्हणून आमच्याच माणसानं त्याला पिंग शिकवून ठेवलंय. तो मोठ्या उत्साहात म्हणाला, "मॅडम, नेटवर्क एकदम ओके हाय. सर्व्हरचा पिंग येतोय, बगा." काळ्या खिडकीत ओळी सरकत होत्या. १९२.१६८.१.५० कडून उत्तर, वेळ १ मिलिसेकंदापेक्षा कमी. पुन्हा उत्तर. पुन्हा उत्तर.

शेतकी अधिकाऱ्यांना हायसं वाटलं. माझ्या पोटात मात्र गोळा आला, कारण हा सर्व्हर पिंगला उत्तर देतच नाही. कारखान्याचा आधीचा सिस्टीमवाला फार सावध गृहस्थ. त्यानं सर्व्हरच्या फायरवॉलवर, म्हणजे बाहेरून येणारं काय आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्यावर, पिंग बंद करून टाकलं होतं आणि आम्हाला काम सोपवताना तसं कागदावर लिहूनही दिलं होतं.

पिंग म्हणजे "आहेस का?" असा प्रश्न आणि "आहे" एवढंच उत्तर. अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेतल्या माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात तो लिहिला. पाणबुड्या हुडकणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला हे नाव दिलं. इतक्या वर्षांनीही आम्ही सगळ्यात आधी हात घालतो तो त्यालाच. पण त्या पत्त्यावर कुणीतरी जागं आहे, यापलीकडे तो काही सांगत नाही. कोण जागं आहे, हे त्याला विचारायचंच नसतं.

पिंग तसाच चालू ठेवला आणि क्लार्कना म्हटलं, तुम्ही पावत्या काढत राहा. थोड्या वेळानं उत्तरं थांबली. "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" अशी ओळ आली, पाठोपाठ दुसरी. पोरगा ओरडला, "गेलं!" आणि तेवढ्यात प्रिंटर खरखरला. पावती बाहेर. तिच्यामागून अडकलेली आणखी एक. मग पिंगची उत्तरं परत सुरू झाली आणि पावती परत अडकली. तीच गंमत पुन्हा पुन्हा. पिंग आला की पावती बंद, पिंग गेला की पावती चालू. शेतकी अधिकारी चष्मा वर करून म्हणाले, "मॅडम, हे उलटं कसं काय?"

एव्हाना मला बरंचसं उमगलं होतं. एकाच पत्त्यावर दोघं राहायला आले होते.

नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला दोन ओळखी असतात. आयपी पत्ता आपण देतो, हवा तेव्हा बदलतो. मॅक पत्ता नेटवर्क कार्ड बनतानाच त्यात घातलेला असतो, ४८ बिटांचा. एकाच लॅनमधल्या, म्हणजे एकाच जागेच्या आतल्या नेटवर्कमधल्या, दोन यंत्रांत माहितीची देवाणघेवाण शेवटी मॅक पत्त्यावरच होते. आपण सॉफ्टवेअरमध्ये लिहून ठेवतो आयपी. मग काट्यावरच्या कॉम्प्युटरला सर्व्हरचा मॅक कसा कळायचा? तो अख्ख्या नेटवर्कला विचारतो, "१९२.१६८.१.५० कोण?" ज्याचा तो पत्ता आहे तो आपला मॅक कळवतो. विचारणारा तो टिपून घेतो, काही काळ वापरतो आणि मग पुन्हा विचारतो. या रीतीला एआरपी म्हणतात. डेव्हिड प्लमर यांनी ती १९८२ मध्ये मांडली आणि आजही घरच्या वायफायपासून बँकेपर्यंत सगळीकडे तीच चालते. तिच्यात ओळखपत्र बघायची सोयच नाही. जो "मी" म्हणेल तो खरा. सांगलीच्या एसटी स्टँडवर "ओ पाटील" अशी हाक मारून बघा, म्हणजे धोका कळेल.

इथं हाकेला सर्व्हर ओ देत होता आणि दुसरंही कुणीतरी. काट्याच्या कॉम्प्युटरनं सर्व्हरचा मॅक टिपला की पावती निघायची आणि पिंग गप्प व्हायचा, कारण सर्व्हरला पिंग बंदच होतं. दुसऱ्याचा मॅक टिपला की तो बिचारा पिंगला प्रामाणिकपणे उत्तर द्यायचा. पण पावतीचा क्रमांक मागितल्यावर त्याच्याकडं देण्यासारखं होतं काय? त्रास सगळ्या कारखान्यालाच होत होता. अकाउंट्समध्येही अधूनमधून अडत होतं, पण तिथं कुणी बोंब मारली नव्हती.

शंका नको म्हणून एआरपीचा तक्ता उघडला. पत्ता तोच, थोड्या थोड्या वेळानं समोरचा मॅक वेगळा. ऑफिसात फोन करून सर्व्हरचा स्वतःचा मॅक वाचून घेतला. दोनपैकी एक जुळला. सर्व्हर विंडोजचा असता तर एक पत्ता दोघांना दिलाय असा इशारा त्याच्या पडद्यावर तरी उमटला असता. हा लिनक्सचा, आपण होऊन कुरकुर करणाऱ्यातला नव्हे.

उरलेला मॅक कुणाचा? मॅकच्या पहिल्या अर्ध्या भागावरून बनवणारी कंपनी ओळखता येते. मोबाईलवर शोधलं, तर कॅमेरे बनवणारी निघाली. विचारलं, "नवीन कॅमेरा बसवलाय का कुठं?" क्लार्क म्हणाले नाही. शेतकी अधिकारी म्हणाले नाही. सुरक्षा विभागाच्या साहेबांना बोलावलं, तेही छातीठोकपणे म्हणाले, "एकबी नवीन नाही. सगळे जुनेच पॉइंट."

ऑफिसातला मोठा स्विच जरा शहाणा आहे. कोणता मॅक कोणत्या पोर्टवरून बोलतोय ते प्रत्येक स्विच टिपत असतो, पण तो तक्ता माणसाला दाखवायची सोय महागातल्या स्विचमध्येच असते. त्यानं सांगितलं की हा मॅक काट्याकडून येणाऱ्या फायबरवर आहे. म्हणजे पाहुणा आमच्याच खोलीतल्या स्विचवर होता. तिथला आठ पोर्टांचा स्विच मात्र मुका. एकेक केबल काढून बघणं आलं.

त्यात एक अडचण होती. पिंग मधूनमधून आपोआपच थांबत होता. केबल काढल्यामुळं थांबला की हाक सर्व्हरनं घेतली म्हणून थांबला, हे कसं ओळखायचं? म्हणून माझ्या लॅपटॉपच्या एआरपी तक्त्यात त्या पत्त्यासमोर कॅमेऱ्याचाच मॅक पक्का लिहून टाकला. आता माझा पिंग दुसऱ्या कुणाकडं जाणारच नव्हता. लॅपटॉप त्याच स्विचला जोडला, पोराला पडद्यासमोर बसवलं आणि टेबलाखाली शिरले.

टेबलाखाली भुश्शाचा थर. केबलींचा नुसता गुंता, एकीवरही चिठ्ठी नाही, सगळ्या मातकट. स्विचच्या दिव्यांवरची धूळ ओढणीनं पुसली तेव्हा कुठं हिरवं लुकलुकताना दिसलं. एक केबल काढली. "चालू हाय," पोरगा वरून म्हणाला. परत लावली, दुसरी काढली. "चालू हाय." तिसरीला हात घातला तर क्लार्क ओरडले, "ओ मॅडम, ती आपली हाय, काट्याची!" पुढची एक इतरांपेक्षा स्वच्छ दिसत होती, प्लगच्या आतल्या आठ रंगीत तारा लख्ख. ती काढली.

"थांबलं!"

आणि वर प्रिंटर सुरू झाला तो थांबेचना.

ती केबल खिडकीतून बाहेर, पाइपातून भिंतीवर आणि तिथून केनयार्डाच्या तोंडावरच्या खांबावर गेली होती. खांबावर पांढराशुभ्र कॅमेरा, बैलगाड्यांच्या रांगेकडं तोंड केलेला. सुरक्षावाले साहेब म्हणाले, "हां, हा होय. हा नवीन नाही हो, मॅडम. बंद पडलेला काल संध्याकाळी बदललाय." रात्रपाळीच्या क्लार्कनं मग कॉम्प्युटर बंद-चालू करत वेळ मारून नेली होती. सकाळी गाड्यांचा रेटा वाढल्यावर भांडं फुटलं.

कॅमेरेवाल्याला फोन लावला. मी काही बोलायच्या आतच त्याचं सुरू झालं. "मॅडम, मी असंच कुठलंबी आयपी टाकत नाही. आपले बाकीचे कॅमेरे ५१ पासून पुढं आहेत, म्हणून ५० रिकामा वाटला. तरी पिंग मारून बघितला. उत्तर आलं नाही, म्हणून दिला." त्याला काय बोलणार? मीही त्याच्या जागी पहिलं पिंगच केलं असतं. चोरापासून जपायला म्हणून सर्व्हर लपवून ठेवला होता, तो आपल्याच माणसापासून लपला. कारखान्याच्या आतल्या नेटवर्कवर पिंग बंद ठेवून फार सुरक्षा मिळते असं मला आधीही वाटत नव्हतं. ज्याला शोधायचंय तो एआरपीनंही शोधतो.

एक गोष्ट मला कायम चमत्कारिक वाटते. १९२.१६८ नं सुरू होणारे तब्बल ६५,५३६ पत्ते खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेत. नव्वदच्या दशकापासूनचा हा नियम. कुणालाही, कुणाला न विचारता वापरता येतात. एवढी मोकळी जागा असताना आपली दुकानं, शाळा, पतसंस्था, कारखाने सगळे त्यातल्या पहिल्या पाचेकशे पत्त्यांतच दाटीवाटीनं बसतात, कारण राउटर खोक्यातून बाहेर येतो तेव्हा त्याच्यात तेच भरलेले असतात आणि बदलायचा कंटाळा.

कॅमेऱ्याला दुसरा पत्ता दिला आणि सर्व्हरवर आतल्या नेटवर्कपुरतं पिंग उघडलं. दुपारपर्यंत रांग फाटकाच्या आत आली होती. तोवर मी क्लार्कच्या शेजारी बसून कोणता पत्ता कुणाचा याची यादी केली आणि केबलींना चिठ्ठ्या डकवल्या. कॅमेऱ्यांचं वेगळं व्हीलॅन, म्हणजे त्याच केबलींवर निराळं नेटवर्क, करा, म्हणजे ते काट्याच्या वाटेत येणारच नाहीत, हे मी आधीपासून सांगत होते. त्याला काट्याच्या खोलीतला स्विच बदलावा लागेल. शेतकी अधिकाऱ्यांनी या वेळी कोटेशन स्वतः मागून घेतलं आणि हंगाम संपल्यावर मीटिंगपुढं ठेवतो म्हणाले.

तोवर कॅमेरेवाल्याला सांगून ठेवलंय, कुठलाही पत्ता टाकायच्या आधी मला फोन कर. तो करतो. परवा गेस्ट हाउसच्या कॅमेऱ्यासाठी रात्री साडेदहाला केला.