नानांचा मोकळा झालेला वेळ

जळगावच्या डाळ मिलमधले बिलांचे काम वरून दिसते तितके सोपे नाही. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या बंद पिशवीतील डाळीवर 5 टक्के जीएसटी लागू झाला आणि सुटी डाळ करमुक्त राहिली. त्यामुळे एकाच गाडीतील मालाचा हिशेब दोन प्रकारे ठेवावा लागतो. आमच्या मिलमध्ये हे सारे आमचे हिशेबनीस नाना पाहत असत. यंदापासून वजनकाट्यावरची नोंद थेट संगणकात जाते, बिल आणि खातेनोंद आपोआप तयार होते, आणि नानांचा बराचसा दिवस मोकळा झाला आहे.

“भाऊ, मंग मन्हं काम काय ऱ्हायनं?” हा त्यांचा पहिला प्रश्न होता आणि त्याला आधी उत्तर देणे हे मालकांचे कर्तव्य होते, असे मी मानतो. मोकळा वेळ ठरवून वापरला नाही तर तो बँकेच्या फेऱ्यांत आणि कुरिअरच्या पाकिटांत जिरतो, आणि जाणत्या माणसाची किंमत कमी होते. कोणता व्यापारी उशिरा का होईना पण नक्की पैसे देतो, ‘डाळीत तुकडा जास्त आला’ ही कोणाची तक्रार खरी असते आणि कोणाची केवळ भाव पाडण्यासाठी असते, हे संगणकात कुठेही नोंदलेले नाही. ते नानांना ठाऊक आहे.

म्हणून उधारीची वसुली आणि मालाच्या तक्रारी, ही दोन कामे त्यांच्याशी बोलून त्यांच्याकडे सोपवली. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग (एमएसएमई) विकास कायद्यानुसार आमच्यासारख्या नोंदणीकृत लघुउद्योगाचे पैसे, लेखी करारात मुदत कितीही असली तरी, खरेदीदाराने 45 दिवसांच्या आत द्यायचे असतात. नाना आता ही तरतूद जुन्या गिऱ्हाइकांना न दुखावता समजावून सांगतात. रोजची काही बिले तपासणे मात्र मुद्दाम त्यांच्याकडेच ठेवले, कारण कराचा दर एकदा चुकीचा भरला गेला की यंत्रणा तीच चूक प्रत्येक बिलात करत राहते.

अधिकाराशिवाय नवी जबाबदारी देणे मला मान्य नव्हते. ठरावीक रकमेपर्यंत वटाव, म्हणजे बिलात सूट, द्यायचा की नाही, हे आता नानाच ठरवतात. पगारवाढही कामाच्या बदलाबरोबरच लेखी दिली. नव्या तुरीची आवक सुरू झाली की खरेदीसाठी रोख लागते, त्यामुळे त्याआधी इंदूर आणि सुरतच्या जुन्या बाकीसाठी ते स्वतः जाणार आहेत.