पोरं येतात, पण खुर्च्या मांडायला

"आक्का, तुमच्या गावात पोरंपोरी कामाला येतात कशी? आम्ही बोलावून बोलावून दमलो." साताऱ्याच्या माण तालुक्यातलं आमचं गाव बघायला बाहेरून माणसं येतात. पाणी अडवायला डोंगरावर खणलेले चर बघतात, फोटो काढतात, आणि चहाच्या वेळी हा प्रश्न ठरलेला असतो. "येतात आपली," म्हणून मी वेळ मारून नेते. मागच्या महिन्यात आलेल्या एका सरपंचांनी मात्र पिच्छा सोडला नाही. सरपंचसाहेब, तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

आधी मीच विचारते. तुमच्या गावच्या सप्त्याला पोरं येतात ना? मंडप घालतात, खुर्च्या मांडतात, पंगतीत वाढतात, रात्री पत्रावळ्या उचलतात. मग येत नाहीत कुठं? जिथं माईक असतो तिथं, वर्गणीची वही असते तिथं, ठराव लिहिला जातो तिथं. तिथं त्यांना कुणी बोलावलेलंच नसतं. पोरांत उत्साह नाही असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. उत्साह आहे, फक्त आपण त्याला सतरंज्या उचलायला लावलंय.

मी काही वेगळी नव्हते. आमच्या बचतगटाची मी अकरा वर्षं अध्यक्ष. बँकेत चलन मी भरायची, कर्जाचा अर्ज मी लिहायची, सचिवबाईंची सही त्यांच्या घरी जाऊन चुलीपाशी बसून आणायची. सगळ्या म्हणायच्या, आक्का आहेत म्हणून गट चाललाय. ऐकायला गोडच वाटायचं. मग माझं ऑपरेशन झालं आणि मी बावीस दिवस दवाखान्यात. परत आले तर महिन्याची बैठक झालेली नाही, हप्ता चुकलेला, पासबुक माझ्या ट्रंकेत आणि ट्रंकेची किल्ली माझ्या पिशवीत. चौदा बायकांपैकी एकीलाही चलन कसं भरायचं ते ठाऊक नव्हतं. अकरा वर्षांत मी एकीलाही शिकवलं नव्हतं. त्या दिवशी मी नवऱ्यावर चिडले, सचिवबाईंवर चिडले, आणि रात्री झोप लागेना तेव्हा कळलं की चिडायचं कुणावर होतं.

पुढं २०१८ साली गावानं वॉटर कपमध्ये भाग घेतला. पाणी फाउंडेशनची ही गावागावांतली पाणी अडवण्याची स्पर्धा २०१६ ला तीन तालुक्यांत सुरू झाली होती, तिसऱ्या वर्षी ती पंचाहत्तर तालुक्यांत गेली. ८ एप्रिल ते २२ मे, पंचेचाळीस दिवस भर उन्हात श्रमदान. (त्या वर्षी पहिला नंबर आमच्याच तालुक्यातल्या टाकेवाडीचा आला. आमचा नाही. अजून सलतं थोडं.) आधी गावातल्या माणसांना निवासी प्रशिक्षण होतं. कुणाला पाठवायचं यावर देवळात बैठक बसली आणि नेहमीचीच नावं निघाली. मी म्हटलं, ज्यांचं नाव गावात आजवर कुठल्याच कमिटीत नाही, अशीच पाठवू. तेवढं एकच भांडण मी जिंकले. बारावी झालेली एक मुलगी, एक मेंढपाळाचा पोरगा, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यातून परत आलेला एक जण आणि दोन सुना अशी पाच जणं गेली.

परत आल्यावर त्या मुलीनं डोंगराच्या पायथ्याला ए फ्रेम उभी केली. दोन काठ्या वर बांधलेल्या, मध्ये एक आडवी काठी, आणि शेंड्यापासून सुतळीला लोंबणारा दगड, म्हणजे गवंड्याचा ओळंबाच. डोंगरउतारावर समान पातळीची रेघ शोधायला हे लागतं, नाहीतर चरातलं पाणी एका टोकाला जाऊन फोडून निघतं. जुनी माणसं म्हणाली, आमच्या नजरेला कळतंय की, इथून असं सरळ घ्या. पोरीनं वाद घातला नाही. फ्रेमचे पाय दोन दगडांवर ठेवले, सुतळी आडव्या काठीवर जिथं आली तिथं खडूनं खूण केली. मग पायांची अदलाबदल केली, परत खूण केली. दोन्ही खुणांचा बरोबर मध्य काढला आणि म्हणाली, "तात्या, सुतळी इथं आली की दोन्ही पाय एका पातळीत. आता तुम्ही दाखवलेल्या रेघेवर ठेवते." सुतळी मधल्या खुणेपासून चार बोटं लांब. तात्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं, मग फक्कीची पाटी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि तिच्या मागून चालू लागले. ती पाय टेकवील तिथं हे फक्की टाकणार. पंचेचाळीस दिवस गावात तिला "इंजिनेर" म्हणत होते, आधी चेष्टेनं आणि नंतर साधंच.

मला सांगायचंय ते एवढंच. तिला कुणी नेतृत्वावर भाषण दिलं नव्हतं. गावाला लागणारी एक गोष्ट तिला येत होती, आमच्यापैकी कुणाला येत नव्हती, आणि ती आम्ही तिच्याच हातात राहू दिली.

राहू देणं अवघड असतं. डिझेलचा हिशेब आम्ही मेंढपाळाच्या पोराकडं दिला होता. जेसीबीला दिवसाआड डिझेल, लोकवर्गणीचे पैसे. तिसऱ्या आठवड्यात हिशेबात तीन हजार दोनशे कमी आले. गावभर कुजबुज. दोघातिघांनी मला गाठून सांगितलं, वही काढून घ्या, पोराला डाग लागेल. वही काढून घेतली असती तर डाग पक्काच लागला असता! मी त्याला म्हटलं, सगळ्यांसमोर पहिल्या पानापासून वाच. चावडीपुढं बल्बच्या उजेडात त्यानं वाचलं. आवाज कापत होता. चौथ्या पानावर सापडलं, एकदा पंप बंद होता म्हणून कॅननं दुसरीकडून डिझेल आणलं होतं आणि त्याची पावतीच घेतली नव्हती. ज्यानं दिलं तो गर्दीतच उभा होता, त्यानं हो म्हटलं. वही त्याच्याकडंच राहिली. त्यानंतर त्या वहीत चहाच्या पुड्याचीसुद्धा नोंद असायची.

मुलींचं विचारलं होतंत. मुली येत नाहीत, कारण बैठक रात्री नवाला देवळाच्या पारावर असते आणि नवाला मुलगी पारावर गेली की बाप बोलणी खातो. आम्ही बैठक संध्याकाळी पाचला शाळेच्या व्हरांड्यात घेतली. बास, एवढंच केलं. ग्रामसभेआधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यायची असं कायद्यातच आहे, पण बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टर घरोघर फिरवूनच होते, आमच्याकडंही व्हायची. आणि अठराच्या आतली पोरं तर मतदार नाहीत म्हणून ग्रामसभेची सभासदच नसतात. सोळा वर्षांच्या पोरीला डोंगराची पातळी काढता येते, पण त्या डोंगराचा ठराव होतो तेव्हा तिला बसायला जागा नाही. शाळेच्या व्हरांड्यात वयाचा दाखला कुणी मागत नाही.

काही जण म्हणतात, आमच्याकडं पोपटराव पवार नाहीत. दुष्काळी हिवरे बाजारचा कायापालट त्यांनी केला म्हणतात, पण ती गोष्ट नीट बघा. १९८९ ला ते तिथं सरपंच झाले, पण आपणहून झाले नाहीत. गावातली पोरं त्यांच्या मागं लागली होती की तुम्ही शिकलेले आहात, उभे राहा. त्या पोरांची नावं कुणी विचारत नाही. आणि एका शिबिरानं माणूस तयार होतो, हाही गैरसमज. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. गावोगावच्या बायका, त्यातल्या कितीतरी निरक्षर, त्यांनी आरोग्याच्या कामासाठी तयार केल्या. त्या बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, गावात काय घडलं ते सांगायच्या, पुढचं शिकून परत जायच्या. आपण काय करतो? दोन दिवसांचं शिबिर, टोपी, प्रमाणपत्र, ग्रुप फोटो, आणि पुढच्या वर्षी परत तेच.

"दुसरी फळी तयार करा" असंही भाषणात सांगतात. मला तो शब्द आवडत नाही. दुसरी फळी पहिलीच्या मागंच उभी राहते, आणि पहिली हलतच नाही.

आमचं सगळं छान आहे असं समजू नका. तालुक्याच्या पुढाऱ्यानं मंडळाला स्वतःचा फोटो छापलेले टी-शर्ट दिले, पोरांनी घेतले, खोटं कशाला बोलू. नंतर काही जण ते उलटे घालून खोदायला यायचे, तेवढंच समाधान. प्रशिक्षणाला गेलेल्या पाचांतली तीन जणं आज गावात नाहीत. इंजिनेर लग्न होऊन फलटणकडं गेली, गलाईवाला परत कोइमतूरला, वहीवाला चाकणला कंपनीत. गावातनं पोरं जाणारच, जमिनीत पिकतंय किती? म्हणून आता प्रत्येक कामावर आम्ही दोन नावं लिहितो, आणि त्यातलं एक तरी गेल्या वर्षी नसलेलं पाहिजे. रोपांना पाणी, टँकरची नोंद, गटाचं पासबुक, सगळ्याला. हो, पासबुकसुद्धा. ते सध्या एका सुनेकडं आहे आणि ती मला बघायलाही देत नाही, बैठकीत बघा म्हणते.

सरपंचसाहेब, तुम्ही मला तुमच्या गावात भाषणाला बोलावलंत. मी येणार नाही. तुम्हीच दोघांना इकडं पाठवा, पण तुम्ही स्वतः नको आणि तुमच्या मंडळाचा अध्यक्षही नको. रविवारी सकाळी सातच्या आत, कारण पोरं तेव्हा डोंगरावर रोपांना पाणी घालायला असतात. येताना पायात बूट घाला म्हणावं, कुसळं फार आहेत. मी खाली चहाला भेटेन.