डेलावेअर पार केली ती मार्बलहेडच्या मच्छीमारांनी

‘वॉशिंग्टन क्रॉसिंग द डेलावेअर’ ह्या पेंटिंगवरून लोक कायम एकच जोक मारतात, की एवढ्या बर्फात हा माणूस होडीत उभा कशाला राहिलाय, पडेल ना. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममधे आहे ते, अख्खी भिंत खाणारं, साधारण १२ फूट उंच आणि २१ फूट रुंद, एमॅन्युएल लॉयट्सेने १८५१ मधे पूर्ण केलेलं, ते पण अमेरिकेत नाही तर जर्मनीत ड्युसेलडॉर्फला बसून. आमच्याकडे देशातून पाहुणे आले की न्यूयॉर्क दर्शनात हे चित्र येतंच आणि मग मी त्यांचं डोकं खातो, कारण आम्ही राहतो न्यू जर्सीत आणि ती नदी, ते ट्रेंटन गाव सगळं आमच्यापासून गाडीने जवळच. चित्र आहे २५ डिसेंबर १७७६ च्या रात्रीचं, ब्रिटिशांविरुद्धच्या अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन ट्रेंटनवर हल्ला करायला डेलावेअर नदी ओलांडतोय. तर चित्रात चुका भरपूर आहेत. तो तारे-पट्ट्यांचा झेंडा ठरला जून १७७७ मधे, म्हणजे चित्रातल्या रात्रीनंतर जवळजवळ सहा महिन्यांनी. आकाशात उजेड दाखवलाय, खरी घटना वादळातल्या रात्रीची. होडी तर एवढीशी की त्यात वॉशिंग्टन आणि मंडळी बसली हाच चमत्कार. पण उभं राहणं ही चूक नाही हो, उभेच होते सगळे!

कारण त्या डरहॅम बोटी होत्या. डरहॅम म्हणजे पेनसिल्व्हेनियातला लोखंडाचा कारखाना, तिथलं लोखंड नदीतून खाली फिलाडेल्फियाला न्यायच्या ह्या मालवाहू नावा. ४० ते ६० फूट लांब, ८ फूट रुंद, बूड सपाट, भरल्यावरही पाण्यात फार खोल जात नाहीत, आणि चालवायच्या कशा तर कडेच्या फळीवरून चालत चालत लांब काठ्या तळाला रेटत. माल भरायच्या बोटीत बाकडी कोण बसवणार. त्यामुळे सैनिक त्यात विरारच्या लोकलसारखे खांद्याला खांदा लावून उभे, तळाशी बर्फाचं गार पाणी साचलेलं, बसायची इच्छा असली तरी कुणी बसलं नसतं.

आता ह्या बोटी तिथे आल्या कुठून, हा माझ्या मते ह्या गोष्टीतला सगळ्यात भारी भाग आहे आणि तो कोणी सांगत नाही. १७७६ चं वर्ष वॉशिंग्टनसाठी वाईटच चाललेलं. ऑगस्टमधे लाँग आयलंडला मार खाल्ला, नोव्हेंबरात मॅनहॅटनवरचा किल्ला पडला (त्याचं नावच फोर्ट वॉशिंग्टन, म्हणजे बघा) आणि तिथे साधारण २८०० माणसं कैद झाली, मग न्यू जर्सी आडवी तुडवत पळापळ, मागे ब्रिटिश जनरल कॉर्नवॉलिस. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उरलंसुरलं सैन्य डेलावेअर ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलं, आणि जाताना वॉशिंग्टनने हुकूम काढला की नदीवर वरखाली मैलोनमैल जी काही नाव, होडी, तराफा दिसेल ती आपल्या किनाऱ्यावर आणा, नाहीतर फोडून टाका. हेतू साधा, ब्रिटिशांना मागे येता येऊ नये. ब्रिटिश आले, नदीकाठी उभे राहिले, बोटी नाहीत. तेवढ्यात थंडी वाढली, तेव्हाच्या युरोपियन पद्धतीप्रमाणे सेनापती हाउने लढाई आवरती घेऊन फौजेला हिवाळ्याच्या मुक्कामाला लावलं आणि नदीच्या बाजूला ट्रेंटनमधे ठेवले हेसियन. हेसियन म्हणजे जर्मनीतल्या हेस-कासेल वगैरे संस्थानांच्या राजांनी ब्रिटिशांना भाड्याने दिलेली पलटणं, ट्रेंटनमधे अशी तीन पलटणं, मिळून १५०० च्या आसपास माणसं, त्यांचा प्रमुख कर्नल योहान राल.

म्हणजे पळताना गोळा केलेल्या बोटी आता सगळ्या एकाच बाजूला. परत यायचं तर वॉशिंग्टनच येऊ शकत होता, दुसरं कोणी नाही.

आणि त्याला यावं लागणारच होतं. बहुतेक शिपायांची मुदत ३१ डिसेंबरला संपत होती, १ जानेवारीला सैन्य म्हणून फारसं काही उरणारच नव्हतं. काँग्रेस (म्हणजे बंडखोर वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा) फिलाडेल्फिया सोडून बाल्टिमोरला गेली होती. चार्ल्स ली नावाचा त्याचा दुसऱ्या नंबरचा जनरल १३ डिसेंबरला आपल्या सैन्यापासून लांब एका खानावळीत मुक्कामाला राहिला आणि ब्रिटिश घोडेस्वारांनी त्याला तिथून उचलला. (हा ली स्वतःला वॉशिंग्टनपेक्षा हुशार समजायचा, त्यामुळे मला फार वाईट वाटत नाही.) १८ डिसेंबरच्या पत्रात वॉशिंग्टनने भावाला लिहिलं की खेळ जवळजवळ संपल्यातच जमा आहे.

प्लॅन असा, की २५ डिसेंबरच्या रात्री तीन ठिकाणांहून नदी ओलांडायची. वर मॅकॉन्कीच्या घाटावरून स्वतः वॉशिंग्टन २४०० माणसं आणि १८ तोफा घेऊन. समोर ट्रेंटनच्या घाटावरून त्याचा एक अधिकारी ईविंग, त्याने ट्रेंटनच्या दक्षिणेचा असनपिंक ओढ्यावरचा पूल अडवायचा. आणि खाली ब्रिस्टलकडून दुसरा अधिकारी कॅडवॉलेडर. मध्यरात्रीपर्यंत सगळे पलीकडे, पहाटे पाचला ट्रेंटन. रात्रीचा परवलीचा शब्द होता ‘विजय किंवा मरण’.

प्रत्यक्षात काय झालं तर ईविंग ओलांडूच शकला नाही. कॅडवॉलेडरची काही माणसं पोचली पण किनाऱ्याला बर्फ इतका साचलेला की तोफा उतरवता येईनात, तर पोचलेल्यांनाही परत बोलावलं. तीनपैकी दोन फेल! ह्याला कोणी ‘परफेक्ट प्लॅनिंग’ म्हटलं की मला हसू येतं. आपल्याकडची मंडळी लगेच गनिमी कावा म्हणतात, तेही मला पटत नाही, गनिमी काव्यात चपळाई लागते आणि इथे तर हे १८ तोफा, तोफगाडे, घोडे सगळं लटांबर घेऊन निघाले होते आणि त्यामुळेच उशीर झाला. पण तोफा नेल्या हेच शहाणपण, कारण पावसाबर्फात बंदुकीची दारू भिजते, तोफेचं तोंड आणि कान बंद करून ती कोरडी ठेवता येते.

नदी तिथे अडीच-तीनशे मीटरच असेल. उन्हाळ्यात तिथे लोक ट्यूबवर बसून तरंगत असतात, बघून वाटतं ह्यात काय एवढं. त्या रात्री पाणी फुगलेलं, वरून बर्फाच्या लाद्या वाहत येतायत, रात्री अकराच्या सुमाराला ईशान्येचं वादळ सुरू झालं, आधी पाऊस मग गारा मग बर्फ, वारा तोंडावर. आणि ह्यात बोटी चालवल्या कुणी, तर जॉन ग्लोव्हरच्या पलटणीने. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर मार्बलहेड नावाचं बंदर आहे तिथले मच्छीमार आणि खलाशी, अटलांटिकमधे कॉड माशासाठी जाणारे, त्यात गोरे होते, काळे होते, मूळ रहिवासी होते, कारण बोटीवर आधीपासून असेच सगळे एकत्र काम करायचे. ह्याच लोकांनी ऑगस्टमधे ब्रुकलिनहून ९००० च्या आसपास सैन्य एका रात्रीत ईस्ट रिव्हर पार करून मॅनहॅटनला काढलं होतं, पहाटे धुक्याने साथ दिली आणि ब्रिटिशांना सकाळी रिकामे खंदक मिळाले. म्हणजे चार महिन्यांत ह्या मंडळींनी हे सैन्य दोनदा वाचवलं म्हणायला हरकत नाही. त्यांच्या जोडीला डेलावेअरवरचे स्थानिक तरवाले होते. घोडे आणि तोफा सपाट तरींवर, माणसं डरहॅम बोटींत. किनाऱ्यावर उभा राहून ओरडत होता हेन्री नॉक्स, तोफखान्याचा प्रमुख, चांगला धिप्पाड गडी, आवाज वादळावर चढेल असा. हा मुळात बॉस्टनचा पुस्तकविक्रेता, तोफांबद्दल शिकला ते दुकानातली पुस्तकं वाचून!

माझा सगळ्यात आवडता माणूस मात्र जॉन ग्रीनवूड. वय १६, बासरी वाजवणारा पोरगा, पुढे त्याने आठवणी लिहून ठेवल्या. तो लवकरच्या फेरीत पलीकडे पोचला आणि मग बाकीचे येईपर्यंत ताटकळत. ह्यांनी कुंपणाची लाकडं उपसून शेकोट्या पेटवल्या. तो लिहितो की शेकोटीकडे तोंड केलं की पाठ गोठते, पाठ केली की पोट गोठतं, म्हणून तो सारखा गोल गोल फिरत राहिला. पुढे वाटेत थांबले तेव्हा हा एका झाडाच्या खुंटावर बसला आणि त्याला छान झोप यायला लागली, तशीच झोप लागली असती तर तिथेच संपला असता, एका सार्जंटने हलवून उठवला. त्या रात्री दोन शिपाई असेच वाटेत थंडीने गेले असं सांगतात. हा ग्रीनवूड पुढे न्यूयॉर्कमधे दंतवैद्य झाला आणि त्याचा सगळ्यात प्रसिद्ध पेशंट कोण, तर वॉशिंग्टन. वॉशिंग्टनच्या कवळ्या ह्याने बनवल्या.

शेवटची तोफ पलीकडे आली तेव्हा पहाटेचे तीन वाजले, निघेपर्यंत चार. पुढे १४-१५ किलोमीटर चाल बाकी. म्हणजे अंधारात पोचायचं बोंबललं, उजाडल्यावरच पोचणार. माझ्या मते खरा निर्णय इथे आहे, नदीत उतरायचा नाही. नंतर काँग्रेसला लिहिलेल्या पत्रात वॉशिंग्टन म्हणतो की परत फिरलो असतो तरी नदी ओलांडताना आम्ही शत्रूला दिसणार आणि तो आम्हाला छळणार हे नक्की होतं, म्हणून काही झालं तरी पुढेच जायचं ठरवलं. हिरोगिरीपेक्षा हिशोब आहे हा. वाटेत जेकब्ज क्रीकची घळ लागते, तिथे तोफगाड्यांना दोर बांधून ते दोर झाडांना गुंडाळत तोफा एकेक करून उतरवल्या. मग रस्ते फुटतात तिथे दोन भाग, वॉशिंग्टन आणि जनरल ग्रीन आतल्या पेनिंग्टन रोडने, जनरल सलिव्हन नदीकाठाने. सलिव्हनने निरोप पाठवला की बंदुका भिजल्यात. उत्तर आलं, संगिनी वापरा, मी ट्रेंटन घेणार आहे.

सकाळी आठला हल्ला सुरू झाला, दोन्ही तुकड्या काही मिनिटांच्या फरकाने पोचल्या, घड्याळं पण धड नसताना. गावातल्या दोन मुख्य रस्त्यांच्या तोंडाशी तोफा लावल्या (आता तिथे उंच स्मारक आहे, आजूबाजूची वस्ती बरीच खचलेली), त्यातल्या एका तोफखान्याचा कॅप्टन अलेक्झांडर हॅमिल्टन. हेसियनांची एक तोफ हिसकावताना लेफ्टनंट जेम्स मन्रोच्या खांद्यात गोळी लागून धमनी फुटली, वाटेत सामील झालेल्या एका डॉक्टरने ती दाबून धरली म्हणून वाचला आणि पुढे देशाचा पाचवा राष्ट्राध्यक्ष झाला. तासाभरात खेळ खलास. हेसियनांचे २२ मेले, ८०-९० जखमी, ९०० च्या आसपास कैद. राल जबर जखमी होऊन गेला. जे पाचेकशे निसटले ते त्याच असनपिंकच्या पुलावरून, जो ईविंगने अडवायचा होता.

आणि हो, हेसियन ख्रिसमसची दारू पिऊन पडले होते ही थाप आहे. ते दमलेले होते. जर्सीचे स्थानिक लोक आठवडाभर त्यांच्या चौक्यांवर गोळ्या झाडून पळत होते, त्यांना कपडे उतरवून झोपायची सोय राहिली नव्हती. २५ च्या संध्याकाळी पण असाच एक छोटा हल्ला झाला, तो अमेरिकन तुकडीनेच परवानगी न घेता केलेला, वॉशिंग्टन त्यावर भयंकर चिडला. पण रालला वाटलं ज्याची खबर होती तो हल्ला हाच, झाला एकदाचा. वर वादळ, अशा हवेत कोण येतंय. गावातली रम सापडल्यावर प्यायले ते उलट अमेरिकनच.

ह्या भानगडीत कॉर्नवॉलिसची रजा रद्द झाली. तो बायको आजारी म्हणून इंग्लंडला निघाला होता, सामानसुद्धा जहाजावर चढवून झालं होतं. त्याला परत पिटाळला ट्रेंटनला, तिथे २ जानेवारीच्या रात्री वॉशिंग्टनने समोर शेकोट्या पेटत्या ठेवल्या, तोफगाड्यांच्या चाकांना चिंध्या गुंडाळल्या आणि आडवाटेने जाऊन ३ तारखेला प्रिन्स्टन मारलं. हाच कॉर्नवॉलिस पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल, टिपूवरच्या १७९१ च्या मोहिमेत बैल मेले म्हणून श्रीरंगपट्टणजवळ मोठ्या तोफा स्वतःच फोडून मागे फिरला आणि वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊंच्या मराठी फौजा भेटल्या तेव्हा त्याच्या उपाशी लष्कराला धान्य मिळालं. तोफा आणि हा माणूस, काहीतरी वाकडंच.

दरवर्षी ख्रिसमसला मॅकॉन्कीच्या घाटावर ह्याचा देखावा करतात, डरहॅम बोटींच्या प्रतिकृती आहेत, जुने कोट-टोप्या घालून लोक खरंच वल्हवत येतात. दुपारी, उजेडात. पाणी वाढलं किंवा वारा जास्त असला तर कॅन्सल करतात, आणि ते बरोबरच आहे म्हणा. जायचं असेल तर गाडी लवकर लावा, पलीकडे जायचा पूल इतका अरुंद आहे की समोरून मोठी गाडी आली की आरसे मिटावेसे वाटतात.

मार्बलहेडवाल्यांचं पुढे काय झालं? वर्ष संपलं, मुदत संपली. वॉशिंग्टनने माणशी १० डॉलर जादा देतो, सहा आठवडे थांबा म्हणून सैन्याला गळ घातली, बरेच थांबले, ग्लोव्हरचे बहुतेक घरी गेले. मला त्यात काही गैर वाटत नाही, ब्रिटिशांनी त्यांची मासेमारीच बंद पाडली होती, आणि परवाना घेऊन शत्रूची व्यापारी जहाजं लुटण्यात लष्करी पगारापेक्षा चांगला पैसा होता. ग्लोव्हरही घरी गेला, बायको आजारी, धंदा बसलेला. फेब्रुवारी १७७७ मधे काँग्रेसने त्याला ब्रिगेडियर जनरल केलं तर त्याने आधी नाहीच म्हणून कळवलं, मग वॉशिंग्टनने एप्रिलमधे स्वतः पत्र लिहून मनधरणी केली तेव्हा कुठे तो परत आला.