नुसतं लक्ष ठेवायचं ठरलं, पण एमआरआयनंतर

बायोप्सीच्या रिपोर्टवर 'ग्लीसन ३+३=६' लिहिलं होतं. ग्लीसन म्हणजे कॅन्सरच्या पेशी किती आक्रमक दिसतात याचा आकडा. प्रोस्टेटमधून (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) काढलेल्या १२ तुकड्यांपैकी दोनांत कॅन्सर. युरॉलॉजिस्ट म्हणाले, हा सौम्य प्रकार आहे, ऑपरेशन-रेडिएशन न करता अ‍ॅक्टिव्ह सर्व्हेलन्सवर, म्हणजे ठरावीक तपासण्या करत लक्षाखाली, ठेवता येईल. पण त्याआधी एमआरआय हवा.

घरी हे कुणालाच पटेना. "अहो, कॅन्सर आहे म्हणतात आणि नुसतं बघत बसायचं?" असं बायको. मुलाचा धोशा एकच, "बाबा, काढून मोकळे व्हा." ऑपरेशननंतर लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, आणखीही काय काय जाऊ शकतं, ते मुलाशी बोलणार कसं!

एमआरआयही लगेच होत नाही. बायोप्सीमुळे ग्रंथीत साकळलेलं रक्त चित्रात घोटाळा करतं, म्हणून सहा-आठ आठवडे थांबवतात. तो काळ सगळ्यात वाईट गेला. कॉन्ट्रास्टचं (चित्र ठळक करणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन द्यायचं म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, करून घेतली. प्रत्यक्ष तपासणीत दुखत काहीच नाही. कानात बोळे घालूनही ठकठक ऐकत अर्धा-पाऊण तास निपचित पडायचं, एवढंच.

रिपोर्ट आला : ग्रंथीच्या पुढच्या भागात ९ मिमीची जागा, पाय-रॅड्स ४. हा संशयाचा मोजमाप-आकडा, १ ते ५ असतो. म्हणजे आमचा बराच वर. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं. कोळशाने काढलेली रेघ बोटाने फासावी तसा काळसर, कडा नसलेला डाग. माझी पहिली बायोप्सी गुदद्वारातून झाली होती. त्या सुया मागच्या बाजूने शिरतात आणि पुढचा कोपरा सहज सुटतो. आधी सापडलेल्या दोन तुकड्यांचा या डागाशी संबंधच नव्हता.

मग दुसरी बायोप्सी. या वेळी एमआरआयचं चित्र सोनोग्राफीवर बसवून, वृषणामागच्या त्वचेतून सुई थेट त्या डागात. तिथे ४ चा पॅटर्न, म्हणजे जास्त आक्रमक पेशी, निघाला असता तर बोलणं वेगळ्या दिशेला गेलं असतं. निघालं पुन्हा ३+३. पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन) ७.१ आणि ग्रंथी ५४ सीसी, म्हणजे घनता (पीएसए भागिले ग्रंथीचा आकार) ०.१३, ०.१५ च्या खाली असलेली बरी. आता मात्र 'थांबू या' म्हणायला आधार होता. एमआरआय साफ आला असता तरी बायोप्सीचं महत्त्व कमी होत नाही, हेही डॉक्टरांनी बजावलं.

मुलाला मी ब्रिटनच्या प्रोटेक्ट अभ्यासाचे आकडे दाखवले. १५ वर्षांनंतर प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले तिन्ही गटांत शंभरात साधारण दोन-तीनच : ऑपरेशनवाले, रेडिएशनवाले आणि नुसतं लक्ष ठेवलेले. त्याने लगेच पुढची ओळ वाचली : लक्ष ठेवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना पुढे कधी ना कधी उपचार घ्यावे लागले. खरं आहे. पण त्या लोकांची निवड करताना एमआरआय वापरला नव्हता, आणि मला उपचार पुढे ढकलता आले तरी चालणार आहे.

सध्या दर सहा महिन्यांनी पीएसए, वर्षाने एमआरआय. मेडिक्लेमची गंमत अशी की ऑपरेशन केलं असतं तर पैसे मिळाले असते. अ‍ॅडमिट न होता केलेला एमआरआय मात्र आपल्या खिशातून. जुनी सीडी नेहमी सोबत न्या. रेडिओलॉजिस्टला आधीचा डाग शेजारी ठेवून बघायचा असतो, नुसत्या कागदी रिपोर्टवर त्याचं भागत नाही.