ऊन सरकलं

काल दुपारी बाबांचे पाय उन्हात होते आणि बाबा सावलीत. खुर्ची जिथल्या तिथे, ऊन मात्र पुढे निघून गेलेलं, आणि बाबा गाढ झोपलेले, मांडीवर पेपर उलटा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मफलर एका बाजूने लोंबतोय. मी दारातच थांबले. बाबांची आणि उन्हाची चुकामूक झालेली मी आजवर पाहिलेली नव्हती.

म्हणजे कसं आहे, आईबाबांच्या घरात बाहेरच्या खोलीला दक्षिणेकडे एक मोठी खिडकी आहे आणि वर्षभर तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर, ऊन कट्ट्यापाशीच घुटमळतं आणि परत जातं. पण डिसेंबर आला की सूर्य असा खालून खालून चालायला लागतो की तेच ऊन कट्टा ओलांडून, टेबलाखालून पार सोफ्याच्या पायांपर्यंत येऊन बसतं. बाकी सगळं घर गारठलेलं, फरशीवर पाय टेकवत नाही, आणि मधोमध हा एवढाच सतरंजीएवढा गरम तुकडा. सुट्टीत सगळे जमलो की घरात माणसं सात आणि ऊन एक.

मग ते जाईल तसं घर सरकतं. कुणी काही ठरवत नाही हां. सकाळी ऊन पश्चिमेच्या भिंतीला असतं तेव्हा आत्या तिथे केस वाळवत बसलेली असते, अकराच्या सुमाराला ते मधे आलं की आई निवडायचं ताट घेऊन येते, मग माझा मुलगा पालथा पडून होमवर्क (म्हणजे वहीच्या मागच्या पानावर चित्रं), मग मी, की मला काहीच काम नाही पण मी का बाहेर राहू. नवरा लॅपटॉप घेऊन येतो, स्क्रीनवर ऊन पडल्यामुळे त्याला काही दिसत नाही, तरी उठत नाही. मिनिटाला साधारण अर्धं बोट या वेगाने सगळी मंडळी पूर्वेकडे निघालेली असतात, आणि साडेतीन वाजता ऊन समोरच्या कपाटावर चढून संपलं की आपण सकाळपासून केवढा प्रवास केला हे लक्षात येतं. सुट्टीत फिरायला कुठे गेलात असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते.

मानाची जागा मात्र माणसांची नाही. ती ओल्या मोज्यांची. जीन्स दोन दिवस वाळत नाही, स्वेटर धुतला तर त्याचा तिसरा दिवस उजाडतो, त्यामुळे आई कपड्यांचा स्टँड आणून उन्हाच्या बरोब्बर मधे ठोकते आणि आम्ही सगळे त्याच्या सावलीच्या फटींतून जमेल तसं बसतो. माझ्या पाठीवर ऊन आणि डोक्यावर कुणाच्या तरी पायजम्याची सावली, असे कित्येक डिसेंबर गेलेत. एकदा मी स्टँड हळूच चार इंच मागे सरकवला होता. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, कोण आहे गं तिथे?

यंदा नवीन भांडण खिडकी उघडी की बंद यावरून. माझी लेक आता मोठी झालीय, म्हणजे पांघरुणासकट घरभर फिरते आणि तिला सगळं माहिती असतं. ती म्हणाली काचेतून आलेल्या उन्हात ड जीवनसत्त्व तयारच होत नाही, त्यासाठी जे किरण लागतात ते काच अडवते. आत्याचं तोंड बघण्यासारखं झालं. बिचारी डॉक्टरांनी सांगितल्यापासून रोज तासभर बंद खिडकीपाशी हात पसरून बसत होती. मग तिने खिडकी उघडली, वारा आत आला, बाबांचा पेपर उडाला, बाबा म्हणाले लाव ती, आत्या म्हणाली माझी हाडं तुझ्या पेपरपेक्षा महत्त्वाची आहेत. दोघं भाऊबहीण, बेरीज केली तर दीडशेच्या वर वय. शेवटी एक झडप उघडी आणि एक बंद अशी तडजोड झाली, त्यामुळे आता निम्म्या उन्हात जीवनसत्त्व आहे आणि निम्म्यात ऊब.

बाहेरून येणाऱ्या त्या तिरपेत धूळ उडताना दिसते ना, ती बघत बसायचा मला लहानपणापासून नाद आहे. मला वाटायचं धूळ फक्त उन्हातच असते, सावलीतली हवा स्वच्छ. मी सतरंजी झटकायचे आणि ते सोन्याचे कण वर खाली गोल गोल जाताना बघायचे, एखादा कण पकडायला जावं तर हाताच्याच वाऱ्याने पळणार. आईला मात्र त्यात फक्त झाडलोट दिसायची. आत्ताच तर झाडलं होतं गं, एवढंच म्हणायची, कंबरेवर हात ठेवून. अजूनही म्हणते.

पण मला सांगायचं होतं ते खडूबद्दल.

मी सात वर्षांची, दादा दहाचा. त्याला शाळेत शिकवलं की २२ डिसेंबरचा दिवस सगळ्यात लहान आणि मग दिवस मोठा व्हायला लागतो. दादाने जाहीर केलं की आपण हे घरात मोजायचं. सुट्टीभर रोज बरोबर बारा वाजता उन्हाच्या तुकड्याचा जो आतला कोपरा फरशीवर पडतो तिथे खडूने खूण करायची. फरशी तेव्हा जुनी, काळपट, खडबडीत, त्यावर पांढरी फुली छान उठायची. घड्याळात घोटाळा नको म्हणून बाबा रोज सकाळी रेडिओच्या पिपांवर भिंतीवरचं घड्याळ लावून द्यायचे. अडचण एकच. तो कोपरा नेमका बाबांच्या खुर्चीखाली यायचा.

ती खुर्ची लोखंडी, वर लाकडी फळ्या. बाबा त्यात बसलेले. आम्ही म्हणायचो बाबा उठा ना दोन मिनिटं. बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, ढकला. मग आम्ही दोघं खुर्चीच्या पाठीला हात लावून, पाय मागे रोवून, दात ओठ खाऊन ढकलायचो. दादाचे कान लाल व्हायचे. खुर्ची इंचभर हलायची नाही. बाबा शांतपणे पान उलटायचे. आम्हाला वाटायचं ते जोर लावून बसतात, काहीतरी युक्ती आहे, पाय कशाला तरी अडकवतात. मी एकदा खाली वाकून बघितलं होतं, नव्हते अडकवलेले. तोवर घड्याळाचे टोले पडायला लागायचे आणि आम्ही धावत पळत पोटावर पडून बाबांच्या पायांमधून हात घालून खूण करायचो.

दादा काही दिवस आजीकडे गेला तेव्हा खुणांचं काम माझ्या एकटीवर आलं. मी इमानदारीत केलं. तो परत आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, चीटिंग. कारण दिवस मोठा होतोय म्हणजे ऊन खिडकीकडे मागे जायला हवं, आणि मागे ते गेलं होतं जेमतेम दीड बोट. बाजूला मात्र चांगलं तीन बोटं. सगळ्या फुल्या एका ओळीत तिरक्या पश्चिमेकडे निघालेल्या. दादाचं म्हणणं, तू बारा वाजायची वाट न बघता आधीच खुणा केल्यास, तुला खेळायला जायची घाई. मी रडले. शपथ घेतली. आई म्हणाली जाऊ दे रे, लहान आहे ती, जे मला त्याहून लागलं. बाबांनी कुणाचीच बाजू घेतली नाही. मी चीटिंग करते हे आमच्या घरात त्या सुट्टीपासून जे धरलं गेलं ते पत्त्यांपर्यंत येऊन पोचलं, आजही माझ्या हातात पिसायला देत नाहीत.

परवा रात्री झोप येत नव्हती. मुलगा झोपण्याआधी कुरकुरत होता की दिवस मोठा होतोय म्हणता तर मग सकाळी अजून उशिरा का उजाडतंय, आणि बोलण्यात मुद्दा होता, म्हणून मोबाईल घेऊन वाचत बसले. तर निघालं असं की पोराचं बरोबर आहे. संध्याकाळ लांबायला लागते पण सूर्योदय जानेवारीतही काही दिवस उशिराकडेच सरकत राहतो. कारण घड्याळ २४ तासांचं आणि सूर्य त्या दिवसांत २४ तास आणि वर जवळजवळ ३० सेकंद घेतो, दुपार ते दुपार. आपण थंडीने काकडत असतो तेव्हाच पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, ३ - ४ जानेवारीच्या सुमाराला, १४ कोटी ७१ लाख किलोमीटर, जुलैपेक्षा ५० लाखांनी जवळ. आणि जवळ असली की पळते जोरात, सेकंदाला ३० किलोमीटरच्या थोडी वरच. एवढं पुढे पळाल्यावर सूर्य परत समोर यायला तिला स्वतःभोवती थोडं जास्त वळावं लागतं, आणि शिवाय तिरकी आहे ती, त्याचाही वाटा. ते तीस तीस सेकंद रोज साठत जातात. म्हणजे घड्याळात बारा वाजलेले असतात पण सूर्य रोज थोडा थोडा मागेच रेंगाळलेला.

मी पांघरूण फेकून उठून बसले. नवऱ्याला हलवलं. म्हणलं, मी बरोबर बारालाच खुणा केल्या होत्या! तो म्हणाला बरं, आणि कूस बदलली.

सकाळी दादाला व्हिडिओ कॉल. तो गेली कित्येक वर्षं ऑस्ट्रेलियात, तिकडे भर उन्हाळा, पोरांची शाळेची वर्षं संपून मोठी सुट्टी लागलेली, हा हाफ पँटमधे आणि मागे पंखा. इकडे मी कानटोपीत. मी सगळं सांगितलं, तीस सेकंद, पृथ्वीचा वेग, तीन बोटं, सगळं एका श्वासात. तो ऐकून घेत होता, मान हलवत. मग म्हणाला, कसला खडू?

आठवतच नाही त्याला. खडू नाही, फुल्या नाहीत, चीटिंग नाही. त्याला त्या सुट्टीतलं आठवतं ते म्हणजे आजीकडची विहीर आणि त्याला झालेला कान दुखीचा त्रास. तीसपस्तीस वर्षं मी ज्या खटल्यात आरोपी होते तो खटला चालवणाराच विसरून गेलेला. पुरावा म्हणून फरशी दाखवावी तर तीन वर्षांपूर्वी आईबाबांनी ती बदलली, आता पांढरी चकचकीत आहे, पाणी सांडलं तर दिसत नाही, त्यावरून आत्या दोनदा घसरता घसरता वाचलीय. दादा म्हणाला, इकडे घर बघताना लोक उत्तरेची खिडकी आहे का विचारतात, दुपारचं ऊन उत्तरेकडून येतं ना. मग म्हणाला, बाबा कुठेत? मी मोबाईल वळवला. बाबा उन्हात बसले होते, त्यांनी कॅमेऱ्याच्या भलत्याच बाजूला बघून हात केला. दादा थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, मफलर तोच आहे का? म्हणलं तोच. रेंज गेली मग.

तर काल दुपारी. आई आत आडवी झालेली, पोरं आणि नवरा बाहेर, आत्याचा पत्ता नाही, स्टँडवर मोजे. आणि बाबा असे उन्हाच्या मागे राहिलेले. एरवी ते झोपेतसुद्धा सरकतात. खरंच, मी बघितलंय, डोळे मिटलेले असायचे, खालून पायाने ढकलून खुर्ची पुढे घ्यायचे, जमिनीवर लोखंडाचा कर्रकन आवाज यायचा आणि आम्ही समजायचो की दीड वाजला.

उठवावं असं वाटलं, मग नको वाटलं. मी मागे गेले, खुर्चीच्या पाठीला दोन्ही हात लावले, एक पाय मागे रोवला, दात आवळले, तयारी पूर्ण. आणि ढकललं तर खुर्ची अशी सर्रकन पुढे गेली की मीच तोंडावर पडणार होते. आवाजसुद्धा नाही. बाबा उठले नाहीत, फक्त चष्मा आणखी थोडा घसरला. ऊन गुडघ्यांवर आलं, मग मांडीवरच्या पेपरवर, मग हातांवर.

मी तशीच उभी राहिले थोडा वेळ, हात पाठीवरच. नवीन फरशी फारच गुळगुळीत आहे म्हणा.