कुलाबा ते शिवडी: हवामानाच्या कोड्यामागे एक रविवार

आधीच सांगून टाकते, जिओकॅशिंगच्या या कोड्यातली डबी कुठे आहे ते या लेखात मिळणार नाही. पहिला टप्पा कसा सुटतो ते सांगायला कोड्याच्या मालकाची हरकत नाही, कारण पावसाळ्याआधी तो टप्पा बदलायचाच आहे. पुढच्या टप्प्यांवर काय बघायचं, वेळ कुठे जातो आणि कुठे उगाच संशयाने बघितलं जातं, एवढं लिहिते. बाकीचं डोकं ज्याचं त्याने चालवावं.

जिओकॅशिंग ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली आणि लगेच दुसऱ्या दिवशी ओरेगॉनमध्ये एकाने डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तेव्हापासून हा खेळ चालू आहे. डबी (खेळात तिला 'कॅश' म्हणतात) शोधायची, आतल्या कागदावर टोपणनाव आणि तारीख लिहायची, डबी होती तशी परत ठेवायची. खेळाच्या वेबसाइटवरच्या नकाशावर निळं प्रश्नचिन्ह दिसलं की ते कोडं समजायचं. तिथे दाखवलेला बिंदू खोटा असतो आणि खरी जागा साधारण ३.२ किलोमीटरच्या आत असते. आमच्या कोड्याचा खोटा बिंदू परळला भर रस्त्यात होता. विषय होता मुंबईचं हवामान, म्हणजे काल आणि आज.

आम्ही तिघं होतो. मी, पर्यावरणशास्त्र शिकणारी माझी मामेबहीण आणि बाबांचे जुने मित्र, ज्यांना आम्ही सगळेच नुसतं काका म्हणतो. काकांची हयात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात गेली. बोरिवलीहून चर्चगेट फास्ट पकडली आणि अंधेरी यायच्या आत दोघांची जुंपली.

मुद्दा असा होता. जिओकॅशिंगच्या नियमांत कॅशच्या पानावरून राजकीय, धार्मिक किंवा सामाजिक प्रचार करायला मनाई आहे. तसं काही दिसलं तर तपासणारा स्वयंसेवक कॅश मंजूर करत नाही. मामेबहिणीला तिचं स्वतःचं कोडं टाकायचं होतं आणि तिने मजकुरात 'समुद्र दारात आला आहे, आता तरी जागे व्हा' असं लिहून ठेवलं होतं.

"हे उडवणार ते," काका म्हणाले.

"पण काका, पाऊस किती पडला हे सांगणं म्हणजे प्रचार?"

"पाऊस सांग की. किती पडला, कुठे पडला, कधी पडला, सगळं सांग. 'जागे व्हा' कशाला? जो कोडं सोडवायला आलाय तो जागाच असतो."

तिला ते पटलं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास तिने काढला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असा त्याचा निष्कर्ष आहे. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "यातले तीन अंक कुठले घेणार? अक्षांश-रेखांश लिहिताना मिनिटांच्या दशांशानंतर तीन अंक लागतात." वाद तिथे थांबला नाही, पण दादरला गर्दी चढली म्हणून बोलणं थांबलं.

आता पहिला टप्पा. हा घरीच सोडवायचा असतो. कोड्याच्या पानावर रंगीत उभ्या पट्ट्यांचं चित्र आहे. रेडिंग विद्यापीठाच्या एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये लोकप्रिय केलेल्या तापमानपट्ट्या आता सगळ्यांच्या पाहण्यात आहेत. एका वर्षाला एक पट्टी, थंड वर्ष निळं, उष्ण वर्ष लाल. साहजिकच लोक मुंबईची तापमानाची आकडेवारी उतरवून घेतात आणि रात्ररात्र जुळवत बसतात. मामेबहिणीने तर तक्ताही बनवला होता. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून चित्र डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाले, "यात तपकिरी कुठून आला? आणि हा पिवळा?" खरंच, तापमानाच्या पट्ट्यांत हिरवा, पिवळा, तपकिरी कशाला असेल? "अगं, हे रेझिस्टन्स आहेत. लॅमिंग्टन रोडवर पोतंभर घेतलेत मी आयुष्यात." रेडिओतल्या या छोट्या सुट्या भागांवर रंगीत पट्टे असतात आणि प्रत्येक रंग म्हणजे एक आकडा: काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ, पांढरा नऊ. डावीकडून वाचत गेलं की थेट अपोलो बंदरचे, म्हणजे गेटवे ऑफ इंडियाजवळचे, अक्षांश-रेखांश मिळतात.

युक्ती झकास आहे, पण माझं प्रामाणिक मत सांगते, तिचा हवामानाशी काडीचा संबंध नाही. हेच चित्र शिलाईच्या दोऱ्यांवरच्या कोड्यातही चाललं असतं. टप्पा बदलतोय ते बरंच आहे.

अपोलो बंदरला का नेलं, ते तिथे पोचल्यावर कळतं. इथल्या भरती-ओहोटीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. हिंदी महासागराच्या काठावर इतक्या लांबलचक नोंदी फार कमी ठिकाणी आहेत. समुद्राची पातळी वाढली का, किती वाढली, हे विचारणाऱ्या जगभरच्या शास्त्रज्ञांना या आकड्यांकडे यावंच लागतं. एरवी आपण तिथे फोटो काढतो, चणे खातो आणि घारापुरीची लाँच पकडतो. कोडं तुम्हाला गेटवेवर कोरलेल्या मजकुरातलं रोमन आकड्यांतलं साल वाचायला लावतं आणि त्याची १८७८ शी सांगड घालायला सांगतं. ते सोपं आहे. दुसरा प्रश्न मात्र खट आहे: तुम्ही उभे आहात ती जागा समुद्रापासून किती उंच?

मामेबहिणीने फोनवर उपग्रह दाखवणारं अ‍ॅप उघडलं. उंची आली उणे साठ मीटरच्या खाली. "काका, आपण बुडालो!" शेजारचा फोटोवाला दचकून बघायला लागला.

ही गोम नीट समजून घ्या, पुढेही उपयोगी पडेल. जीपीएस मुळात पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत आकारापासून उंची मोजतं. खरी सरासरी समुद्रपातळी त्या आकाराच्या कुठे वर असते, कुठे खाली. भारताच्या दक्षिणेला समुद्रात तर पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा असा खळगा आहे आणि मुंबईतही समुद्रपातळी त्या गणिती आकाराच्या साठ मीटरहून अधिक खाली आहे. काही अ‍ॅप्स ही दुरुस्ती करून आकडा देतात, काही कच्चाच देतात. आणखी एक घोळ भरतीच्या तक्त्याचा. तक्त्यातली ४.५ मीटरची भरती सरासरी समुद्रपातळीपासून मोजलेली नसते, नौकानयनासाठी ठरवलेल्या खालच्या पातळीपासून मोजलेली असते. मुंबईत सरासरी पातळीच त्या शून्याच्या अडीच मीटरच्या आसपास वर आहे. म्हणजे साडेचारची भरती सरासरीच्या साधारण दोन मीटर वर. कोड्यातला प्रश्न यातल्या कुठल्या शून्याबद्दल आहे, हे पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं आहे. वाचा.

इथे शोधाशोध करायची नाही. प्रश्नांची उत्तरं डोळ्यांनी मिळतात, डबी या भागात नाही. बॅगा तपासतात, जवळच नौदलाचा परिसर आहे, आणि कठड्याखाली हात घालून चाचपणारा माणूस या शहरात कुणालाच आवडत नाही, त्याला कारणं आहेत. आम्ही खेळाची माहिती मराठीत एका कागदावर छापून नेली होती. कुणी हटकलं की कागद पुढे करायचा, हसायचं आणि बाजूला व्हायचं. वाद घालायचा नाही.

दुसरा टप्पा ओव्हल मैदानाच्या कडेने मरीन ड्राइव्हपर्यंत चालायचा आहे. राजाबाई टॉवर पुरा झाला तेही साल १८७८, आणि त्या काळच्या फोटोंत मैदानापलीकडे रुळांलगत समुद्र दिसतो. मधली सगळी जमीन नंतर भराव घालून केलेली. चालायला छान वाटतं, बाकी विशेष काही नाही. ऊन चढायच्या आत उरकून घ्या.

खरा टप्पा तिसरा, हिंदमाता, म्हणजे पावसात पाणी तुंबण्यासाठी प्रसिद्ध असलेला दादरजवळचा सखल भाग. चर्चगेटहून दादर, पूर्वेला बाहेर पडून आंबेडकर रोडने दक्षिणेकडे पायी. कोडं विचारतं: २६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत पाऊस किती? मुंबईकराला झोपेतून उठवून विचारलं तरी तो ९४४ मिलिमीटर म्हणेल. तो आकडा सांताक्रूझच्या वेधशाळेचा. प्रश्नात मात्र कुलाबा लिहिलंय, आणि कुलाब्याला त्याच चोवीस तासांत जेमतेम ७३ मिलिमीटर पडला होता. एकाच शहरात, पंचवीसेक किलोमीटरच्या अंतरात, एवढा फरक. त्या दिवशी फोर्टातल्या ऑफिसांतून लोक निवांत घरी निघाले ते यामुळेच, पुढे काय वाढून ठेवलंय याची कुणाला कल्पना नव्हती.

आता गणित बघा. अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे सुमारे १.८५ मीटर. मिनिटांच्या दशांशानंतर ०७३ च्या जागी ९४४ घातलं तर माणूस दीड किलोमीटरहून जास्त उत्तरेला भरकटतो. त्यावर आणखी थोडी आकडेमोड आहे, ती सांगत नाही. पण हे कोडं मला आवडलं ते इथे. सल्ला नाही, इशारा नाही. एकच साधा प्रश्न, आणि त्याचं उत्तर शोधताना पाऊस कसा पडतो ते आपोआप कळतं.

दुसरी अर्धी माहिती रस्त्यावर घ्यायची आहे. आम्ही एका कापडाच्या दुकानाबाहेर पायऱ्या मोजत होतो, तर आतून मालकांनी विचारलं, "ताई, काय शोधताय? ड्रेस मटेरियल आत आहे." खरं काय ते सांगितलं. ते बाहेर आले आणि शटरच्या चौकटीवर हात ठेवून पाणी कुठवर यायचं ते दाखवलं. चौकटीचा खालचा पत्रा गंजून झिरझिरीत झाला होता आणि एका ठरावीक उंचीच्या वर रंग अगदी धड होता. उंबरा दोनदा वाढवलेला, नवं सिमेंट जुन्यावर ओळखू येत होतं. आतले सगळ्यात खालचे खण रिकामे. "सवय झालीये, जूनमध्ये खाली माल ठेवतच नाही." हल्ली पाणी लवकर उतरतं असंही ते म्हणाले. हिंदमाताचं पाणी आता प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखालच्या टाक्यांत वळवतात आणि भरती ओसरली की सोडतात. मामेबहीण बराच वेळ त्या पत्र्यावर बोट फिरवत उभी होती. तिचं 'जागे व्हा' पुढे कुठे गेलं ते मी विचारलं नाही, पण परतीच्या गाडीत ती दुकानांच्या उंबऱ्यांवरून आकडे काढायचा आराखडा करत होती. (काकांनी तिला दोन चुका दाखवल्या. तिने एक मानली.)

शेवटची जागा हार्बर लाइनच्या बाजूला आहे, याहून जास्त लिहिणार नाही. शिवडीच्या अंगाला गेलात तर साधारण नोव्हेंबर ते मे फ्लेमिंगो दिसतील, दुर्बीण न्या. डबी खारफुटीत नाही, चिखलात नाही, किल्ल्याच्या भिंतीत नाही. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, आणि तिथला चिखल गुडघ्यापर्यंत पाय धरून ठेवतो. खाली उतरावंसं वाटलं तर तुमचं उत्तर चुकलंय, एवढं समजून जा. डबी म्हणजे सोड्याची बाटली फुगवण्याआधीची जाड प्लास्टिकची नळी असते ती, वर घट्ट झाकण. मुंबईच्या हवेला हीच टिकते. कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डब्यांतल्या कागदाचा इथे एका पावसात लगदा होतो. आत सिलिका जेलची पुडी होती, ती ओलसर लागली म्हणून आम्ही नवी टाकली. तुम्हीही एखादी खिशात ठेवा. सोबत पेन्सिल न्या, दमट कागदावर बॉलपेन उठत नाही.

काही सुट्या सूचना. जून ते सप्टेंबर जाऊ नका, हिंदमाताचा टप्पा पावसात करण्यात काही शौर्य नाही. अपोलो बंदरला भरतीच्या वेळी पोचा, म्हणजे भिंतीवरची शेवाळाची रेघ आणि पाणी यांची तुलना होते. वेळा महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापनाकडून आधीच जाहीर होतात. फोर्टच्या गल्ल्यांत उंच इमारतींमुळे जीपीएस दहा-वीस मीटर इकडेतिकडे उडतं, बिंदूवर विसंबू नका, वर्णन वाचा. गाडी आणू नका. पार्किंग मिळणार नाही हे एक, आणि हवामानाच्या कोड्यासाठी पेट्रोल जाळत फिरण्यावर काका जे बोलले ते इथे छापता येणार नाही. परदेशात हमरस्त्याच्या कडेला दर १६१ मीटरवर, म्हणजे नियमाला जेवढं किमान अंतर लागतं तेवढ्यावर, डब्या ठेवतात आणि लोक दिवसभर गाडीतून उतर-चढ करतात. तो प्रकार मला कधीच कळला नाही.

आणि रविवारी निघणार असाल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक बघून घ्या. हार्बरवर बहुतेक रविवारी दुपारी ब्लॉक असतो. शिवडीला अडकलात तर बस किंवा टॅक्सीने दादर गाठा, तिथून पश्चिम रेल्वे.