क्लारा बॉग: अखेर चाळीसच्या चाळीस फ्रेम्स जुळल्या

मंडळी, जुळला! सहा फेऱ्या वाया गेल्यानंतर या रविवारी पहाटे आयर्लंडमधल्या क्लारा बॉग या दलदलीवर घेतलेला स्टॅक, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत घेतलेल्या फ्रेम्सचं एक चित्र, एकही फ्रेम न टाकता जुळला. गोल पानाचा दवबिंदू (चिकट थेंबांनी किडे पकडणारी वनस्पती), एकच पान, चाळीस फ्रेम्स. कडेच्या सगळ्यात लांब केसाच्या टोकावरचा थेंबसुद्धा अखंड आलाय. मागच्या वेळी याच थेंबाला तीन-तीन कडा दिसत होत्या, आठवत असेल.

आता या सहा फेऱ्यांत काय चुकत होतं ते सविस्तर लिहिते, कारण पाणथळ जागी स्टॅक करणाऱ्या कुणालाही हे भोवणार आहे.

घरी टेबलावर, कुंडीतल्या शेवाळावर, सगळं पहिल्या फटक्यात जुळायचं. बॉगवर गेलं की घोस्टिंग, म्हणजे एकाच गोष्टीच्या दोन-तीन कडा. पहिला संशय रेलवर, म्हणजे कॅमेरा स्क्रूने पुढेमागे सरकवणाऱ्या पट्टीवर. माझी जुनी रेल स्वस्तातली होती, स्क्रू उलटा फिरवला की अर्धा फेरा नुसताच जायचा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सांगितलं तशी चांगली रेल घेतली. फरक शून्य. मग वाऱ्यावर संशय, म्हणून बेकिंग पेपरचा आडोसा केला. डिफ्यूझर म्हणून तो फार छान निघाला, थेंबांतली चमक मऊ झाली, पण स्टॅक तसाच फाटलेला. इलेक्ट्रॉनिक शटरही लावून झालं.

चौथ्या फेरीत थर्मासच्या झाकणात चहा ओतून फळीवर ठेवला. वारा अजिबात नव्हता. चहावर बारीक वलयं उठली. मान वर केली तर फळ्यांच्या वाटेच्या वळणावरून एक आजोबा सावकाश येत होते. ते जवळ आले तशी वलयं वाढली, पुढे गेले तशी विरली.

म्हणजे उत्तर सापडलं असं वाटलं. क्लारासारख्या रेझ्ड बॉगमध्ये (मधोमध फुगून वर आलेल्या दलदलीत) आपल्याला सवय असलेली जमीन नसतेच. हिमयुग संपल्यावर इथे तळं होतं, ते हजारो वर्षं मेलेल्या वनस्पतींनी भरत गेलं, आणि त्यावर स्फॅग्नम या शेवाळाने वर्षाला जेमतेम मिलिमीटर या हिशेबाने थरावर थर चढवले. खाली कित्येक मीटर पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, आणि त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. फळ्यांची वाट अशा ओल्या स्पंजावर उभी आहे.

म्हणून पुढच्या दोन्ही वेळा डब्लिनहून तीनला निघून उजाडायच्या आत पोचले. चिटपाखरू नाही. पहिल्या दहा फ्रेम्स सुरेख, आणि मग चित्र हळूहळू एका बाजूला सरकत गेलेलं! झेरीन या स्टॅक जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पीमॅक्स, डीमॅप, त्याच्या सगळ्या पद्धती करून पाहिल्या. रडकुंडीला आले होते.

उत्तर साताऱ्याहून मिळालं. बाबांना फोनवर रडगाणं सांगत होते. त्यांची सगळी नोकरी पाटबंधाऱ्याच्या सर्व्हेत गेली. त्यांनी एवढंच विचारलं, "तू कुठे उभी असतेस?" म्हटलं, ट्रायपॉडच्या बाजूला, त्याच फळीवर. "अगं, चिखलात डंपी (सर्व्हेतली उंची मोजायची दुर्बीण) लावली की आम्ही पाय हलवत नसू. माणसाने भार या पायावरून त्या पायावर टाकला तरी तिच्या पातळीचा बबल सरकतो."

सरकवत होते मीच!

या वेळी ट्रायपॉड वाटेच्या एका तुकड्यावर आणि मी जोडाच्या पलीकडच्या तुकड्यावर मांडी घालून, शटर फोनवरून. रेल फिरवायला हात लावावा लागतो, म्हणून ती बॅगेतच ठेवली आणि कॅमेऱ्यातलं फोकस ब्रॅकेटिंग वापरलं, त्यात कॅमेरा स्वतःच फोकस सरकवत फ्रेम्स घेतो. आधी रेलमध्ये पैसे घाला, असं मी मागे लिहिलं होतं. ते टेबलापुरतं खरं. पाणथळ जागी फोकस ब्रॅकेटिंग असलेली बॉडीच घ्या. फळी सोडून पाय बाहेर टाकायचा नाही हे वेगळं सांगायला नकोच. स्फॅग्नमवर पडलेलं पाऊल भरून यायला फार काळ लागतो.

आता चित्र. लाल केस, प्रत्येकाच्या टोकाला चिकट थेंब, आणि मधोमध एक चिलट. शंभर टक्क्यांवर त्याच्या पंखाच्या कडेची लव मोजता येते. चिलटाच्या बाजूचे केस आत वळलेले, पलीकडचे अजून सरळ. एकाच पानावर दोन्ही अवस्था! मी हे कितीतरी वेळ नुसतं बघत बसले. आवरताना एक सरडा उन्हाला फळीवर आला, आयर्लंडचा एकमेव मूळचा जमिनीवरचा सरपटणारा प्राणी. वर चंडोल गात होता.

ठरलेलं असं होतं की ऑगस्टपर्यंत दवबिंदूच्या तिन्ही जाती पुऱ्या करायच्या. डबक्याकडेचा लांब पानाचा आणि मधल्या आकाराचा बाकी आहेत. पण याच चित्रात पानाच्या मागे स्फॅग्नमची लाल टोकं आलीत आणि माझं लक्ष तिकडेच जातंय. सगळा बॉग उभा केलाय तो त्याने. त्याच्या पानांतल्या मेलेल्या, पोकळ पेशी पाणी धरून ठेवतात, कोरड्या वजनाच्या पंधरा-वीसपट. बॉगमधून जाणाऱ्या रस्त्याच्या पूर्वेच्या अर्ध्या भागात 1980च्या दशकात पीट काढायच्या तयारीने चर खणले होते. 1987मध्ये अभयारण्य झालं आणि नंतर ते चर बुजवले. पाणी चढलं की पहिलं परत येतं ते हेच शेवाळ. तेव्हा आता आधी स्फॅग्नमच. उशीसारख्या उंचवट्यावरचं लाल, डबक्यातलं हिरवं लिबलिबीत, दोन्हींची टोकं शेजारी-शेजारी.

सप्टेंबरात साताऱ्याला जातेय, तेव्हा कासच्या पठारावर बाबांबरोबर. तिथले दवबिंदू जांभ्यावरच्या बोटभर मातीत आणि फक्त पावसाळ्यापुरते, इथले बारमाही ओलीत. नत्राची टंचाई मात्र दोन्हीकडे सारखीच, म्हणून तर दोन्ही किडे खातात. जांभ्यावर ट्रायपॉड दगडासारखा राहील, पण ठरवलेल्या वाटेवरून किती जवळ जाता येईल ते बघायचंय.

एक मदत हवी आहे. ओल्या स्फॅग्नमवरची चमक मारायला कुणी क्रॉस पोलरायझेशन (फ्लॅशवर आणि लेन्सवर एकमेकांना आडवे पोलरायझर) वापरलंय का? फिल्म फ्लॅशवर लावली की प्रकाश किती स्टॉप कमी होतो आणि शेवाळाचा लाल रंग टिकतो का, ते येत्या शनिवारच्या आत कळलं तर बरं, कारण रविवारी पुन्हा तीनला निघायचंय.